प्रशीतक-परिवर्तन, मोटारगाडीतील

एका विशिष्ट प्रशीतकासाठी अभिकल्पित केलेली मोटारगाडीची वातानुकूलन यंत्रणा दुसऱ्या प्रशीतकावर सुरक्षितपणे चालावी म्हणून तिच्यात जे फेरफार करावे लागतात, त्यांना प्रशीतक-परिवर्तन म्हणतात. बंद मंडलात फिरत राहून एका ठिकाणची उष्णता शोषून घेणारा व ती दुसऱ्या ठिकाणी सोडणारा पदार्थ म्हणजे प्रशीतक होय. दुरुस्तीच्या कार्यशाळांत त्याला नुसते ‘गॅस’ असे म्हणतात. या शब्दामुळे जुना गॅस काढून नवा भरला की काम झाले, असा समज सहज होतो. परंतु तो बरोबर नाही. प्रशीतक, त्याच्याबरोबर फिरणारे वंगण तेल, ओलावा शोषणारे द्रव्य, रबरी नळ्या व कड्या आणि उष्णता बाहेर टाकणारा भाग हे सर्व एकमेकांना अनुरूप असे निवडलेले असतात. त्यांपैकी एक घटक बदलला की इतरांचाही विचार करावा लागतो.

मोटारगाड्यांच्या बाबतीत हा प्रश्न मुख्यतः १९९०नंतरच्या दशकात उद्भवला. तोपर्यंत वापरात असलेले आर-१२ हे प्रशीतक वातावरणातील ओझोन थरास घातक ठरल्यामुळे त्याचे उत्पादन टप्प्याटप्प्याने बंद झाले आणि जुन्या गाड्या आर-१३४ए या प्रशीतकावर आणणे आवश्यक झाले. प्रस्तुत नोंदीत प्रामुख्याने या परिवर्तनाचे विवेचन केले आहे.

यंत्रणेचे कार्य : द्रव पदार्थाचे बाष्पीभवन होताना तो सभोवतालची उष्णता शोषून घेतो आणि बाष्पाचा पुन्हा द्रव होताना ती उष्णता बाहेर पडते, या तत्त्वावर ही यंत्रणा चालते. एंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा संपीडक (कॉम्प्रेसर) प्रशीतकाचे बाष्प दाबून त्याचा दाब व तापमान वाढवितो. हे तप्त बाष्प गाडीच्या पुढील जाळीमागे बसविलेल्या संघनकात (कंडेन्सरमध्ये) जाते. तेथे बाहेरील हवेला उष्णता देऊन ते द्रवरूप होते. हा द्रव शुष्कक पात्रातून जाताना त्यातील ओलावा शोषला जातो. नंतर प्रसरण झडपेच्या अरुंद छिद्रातून जाताना त्याचा दाब एकदम उतरतो व तो अतिशय थंड होतो. हा थंड द्रव बैठकीच्या भागालगतच्या बाष्पकात (कूलिंग कॉइलमध्ये) उकळतो आणि त्यासाठी लागणारी उष्णता बैठकीतील हवेतून घेतो. तयार झालेले बाष्प पुन्हा संपीडकाकडे जाते व चक्र पूर्ण होते.

घरगुती प्रशीतकपेटीत संपीडक व विद्युत् चलित्र एकाच बंद पोलादी कवचात असतात आणि सर्व नळ्या झाळलेल्या असतात. त्यामुळे तिच्यातील प्रशीतक अनेक वर्षे टिकून राहते. मोटारगाडीत तसे करता येत नाही. संपीडक एंजिनावर बसविलेला असल्याने त्याचा दंड कवचाबाहेर काढावा लागतो आणि एंजिनाची कंपने सोसण्यासाठी नळ्यांचे काही भाग रबराचे ठेवावे लागतात. दंडाभोवतालच्या गळतीरोधक कडीतून, नळ्यांच्या जोडांतून आणि खुद्द रबरातूनही प्रशीतक हळूहळू बाहेर पडत राहते. म्हणून पूर्वी गाडीत दर एकदोन वर्षांनी गॅसची भर घालणे ही नित्याची बाब समजली जाई. हा गळणारा गॅस कोठे जातो, याचा विचार दीर्घकाळ कोणी केला नव्हता.

आर-१२ : रसायनशास्त्रात डायक्लोरोडायफ्ल्युओरोमीथेन या नावाने ओळखले जाणारे हे संयुग क्लोरोफ्ल्युओरोकार्बन गटातील आहे. त्यापूर्वी प्रशीतनासाठी अमोनिया, सल्फर डाय-ऑक्साइड व मिथिल क्लोराइड हे पदार्थ वापरीत. ते सर्व विषारी असून त्यांपैकी काही ज्वालाग्राहीही आहेत. अमेरिकेतील जनरल मोटर्स या कंपनीसाठी टॉमस मिजली व त्यांचे सहकारी यांनी १९२८च्या सुमारास निर्धोक प्रशीतकाचा शोध सुरू केला आणि त्यातून हे संयुग पुढे आले. १९३०मध्ये अमेरिकन केमिकल सोसायटीच्या सभेत मिजली यांनी त्याचे बाष्प छातीत भरून घेतले व ते मेणबत्तीवर फुंकून ज्योत विझवून दाखविली. ते विषारी नाही व जळतही नाही, हे त्यांनी अशा रीतीने एकाच वेळी सिद्ध केले. ‘फ्रेऑन’ या व्यापारी नावाने ते जगभर प्रसृत झाले.

यांत्रिक प्रशीतनावर चालणारे वातानुकूलन कारखान्यातूनच बसवून देण्याची सोय पॅकार्ड या अमेरिकन कंपनीने १९३९मध्ये केली. त्या गाडीतील बाष्पक मागील सामानाच्या कप्प्यात होता. संपीडक एंजिनापासून अलग करणारा क्लच नसल्याने थंडीच्या दिवसांत पट्टाच काढून ठेवावा लागे. १९५४मध्ये नॅश कंपनीने सर्व भाग गाडीच्या पुढच्या अंगास सामावणारी सुटसुटीत यंत्रणा आणली आणि त्यानंतर अमेरिकेत या सोयीचा झपाट्याने प्रसार झाला. या सर्व यंत्रणांत आर-१२च वापरीत.

ओझोनाचा प्रश्न : आर-१२चा जो गुण तोच त्याचा दोष ठरला. ते अत्यंत स्थिर असल्याने हवेच्या खालच्या थरांत त्याचे विघटन होत नाही व वातावरणात ते सु. शंभर वर्षे टिकते. हळूहळू ते स्थितांबरात पोहोचते. तेथील तीव्र जंबुपार किरणांमुळे त्याच्या रेणूतील क्लोरिनाचा अणू सुटा होतो. हा अणू ओझोनाच्या रेणूतील एक ऑक्सिजन अणू काढून घेतो व पुढील विक्रियेत तो सोडून पुन्हा मोकळा होतो. अशा रीतीने उत्प्रेरकाप्रमाणे काम करणारा क्लोरिनाचा एकच अणू ओझोनाचे हजारो रेणू नष्ट करू शकतो. मार्यो मोलीना व एफ्. शेरवुड रोलंड यांनी १९७४मध्ये ही शक्यता मांडली. १९८५मध्ये ब्रिटिश अंटार्क्टिक सर्वेक्षण संस्थेच्या जोसेफ फार्मन, ब्रायन गार्डिनर व जोनाथन शँक्लिन या शास्त्रज्ञांनी अंटार्क्टिकावरील ओझोनात दर वसंत ऋतूत मोठी घट होत असल्याचे प्रत्यक्ष मापनांवरून दाखवून दिले.

ओझोनाचा थर सूर्याचे घातक जंबुपार किरण अडवून धरीत असल्याने त्याचा ऱ्हास हा सर्व सजीवांच्या दृष्टीने चिंतेचा विषय होता. १६ सप्टेंबर १९८७ रोजी माँट्रिऑल येथे आंतरराष्ट्रीय करार झाला व १ जानेवारी १९८९पासून तो अंमलात आला. त्यात पुढे झालेल्या सुधारणांनुसार विकसित देशांनी १९९६च्या आरंभापासून आणि विकसनशील देशांनी २०१०च्या आरंभापासून क्लोरोफ्ल्युओरोकार्बनांचे उत्पादन काही अत्यावश्यक उपयोग वगळता बंद केले. मोलीना व रोलंड यांना पाउल क्रुट्झेन यांच्याबरोबर १९९५चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

आर-१३४ए : टेट्राफ्ल्युओरोएथेन या संयुगाच्या या प्रकारात क्लोरीन मुळीच नसल्याने ते ओझोनास अपाय करीत नाही. ते अल्पविषारी असून सामान्य दाबाखालील हवेत जळत नाही. त्याचा उकळबिंदू व दाब आर-१२च्या जवळपास असल्यामुळेच मोटारगाड्यांसाठी त्याची निवड झाली. तथापि ही जवळीक म्हणजे एकरूपता नव्हे, हे पुढील कोष्टकावरून दिसून येईल.

कोष्टक : आर-१२ व आर-१३४ए यांचे तुलनात्मक गुणधर्म (दाब हे निरपेक्ष दाब असून ते किग्रॅ./सेंमी.² मध्ये दिले आहेत)

| गुणधर्म | आर-१२ | आर-१३४ए |
|---|---|---|
| उकळबिंदू (° से.) | –२९·८ | –२६·१ |
| क्रांतिक तापमान (° से.) | ११२ | १०१ |
| ०° से.ला बाष्पदाब | ३·१ | ३·० |
| २०° से.ला बाष्पदाब | ५·८ | ५·८ |
| ६०° से.ला बाष्पदाब | १५·६ | १७·२ |
| रेणुभार | १२०·९ | १०२·० |
| वातावरणातील सरासरी आयुष्य (वर्षे) | सु. १०० | सु. १४ |

बाष्पकाच्या तापमानास, म्हणजे ०° से.च्या आसपास, दोघांच्या दाबांत फारसा फरक नाही. सामान्य तापमानास तर ते जवळजवळ सारखेच असतात. मात्र संघनकातील ६०° से. तापमानास आर-१३४एचा दाब सु. दहा टक्क्यांनी अधिक असतो व तापमान वाढेल तसा हा फरकही वाढत जातो. म्हणजे नव्या प्रशीतकाची अडचण थंड बाजूस नसून उष्ण बाजूस आहे. ज्या दिवशी वातानुकूलनाची गरज सर्वांत जास्त, त्याच दिवशी ती सर्वांत अधिक जाणवते.

यंत्रणेच्या घटकांवरील परिणाम : (१) वंगण तेल : संपीडकाला स्वतंत्र वंगणव्यवस्था नसते. तेलाचा काही भाग प्रशीतकात मिसळून सर्व मंडलातून फिरतो व संपीडकाकडे परत येतो. आर-१२ बरोबर खनिज तेल वापरीत. या दोहोंचे उत्तम मिश्रण होते. आर-१३४एमध्ये खनिज तेल मिसळत नाही. ते बाष्पकात व नळ्यांच्या खोलगट भागांत साचून राहते व संपीडक कोरडा पडून निकामी होतो. वरवर केलेल्या परिवर्तनानंतर संपीडक अडकून बसतो, त्याचे हे एक प्रमुख कारण होय. म्हणून पॉलिअल्किलीन ग्लायकॉल (पॅग) किंवा पॉलिओल एस्टर या प्रकारांची संश्लेषित तेले वापरतात. नव्या गाड्यांत बहुधा पॅग तेल असते. जुन्या यंत्रणेत मागे राहिलेले खनिज तेल व क्लोरीनयुक्त अवशेष एस्टर तेलास अधिक मानवतात, म्हणून परिवर्तनासाठी पुष्कळदा तेच वापरतात. दोन्ही तेले हवेतील ओलावा चटकन शोषून घेतात. त्यामुळे डबा उघडल्यावर ती लगेच वापरावी लागतात.

(२) शुष्कक पात्र : मंडलात ओलावा राहिल्यास प्रसरण झडपेशी बर्फ धरून प्रवाह अडतो. शिवाय पाणी व प्रशीतक यांच्यापासून अम्ले तयार होऊन धातू झिजतो. आर-१२च्या यंत्रणेत वापरलेले जलशोषक द्रव्य आर-१३४ए व नवी तेले यांच्या सान्निध्यात टिकत नाही. त्याचा भुगा होऊन तो झडपेत अडकण्याचा संभव असतो. म्हणून नव्या प्रशीतकास योग्य अशा द्रव्याचे पात्र बसवितात. तसेही मंडल उघडे पडले की जुने पात्र हवेतील ओलाव्याने भरून निरुपयोगी होते. त्यामुळे ते बदलणे इष्टच असते.

(३) नळ्या व कड्या : आर-१३४एचा रेणू लहान असल्याने तो साध्या रबरातून अधिक सहजपणे झिरपतो. नव्या गाड्यांच्या नळ्यांत त्यासाठी आतून नायलॉनाचा रोधक थर असतो. जुन्या नळ्यांच्या रबरात वर्षानुवर्षे खनिज तेल मुरलेले असते व त्यामुळे झिरपणे काहीसे कमी होते. म्हणून सुस्थितीतील नळ्या बदलल्याच पाहिजेत असे नाही. मात्र कडक झालेल्या व भेगाळलेल्या नळ्या काढून टाकाव्यात. जे जोड उघडावे लागतात, त्यांच्या रबरी कड्या हायड्रोजनीकृत नायट्राइल रबराच्या बसवितात. ज्या संपीडकांत व्हिटॉन या पदार्थाच्या कड्या आहेत, ते आर-१३४एसाठी चालत नाहीत. अशा वेळी संपीडकच बदलावा लागतो.

(४) संघनक : जुन्या गाड्यांतील संघनक नागमोडी नळी व तिच्यावरील पातळ पत्रे अशा रचनेचे असत. आर-१३४एसाठी अभिकल्पित केलेल्या गाड्यांत अनेक चपट्या समांतर नळ्यांचा संघनक असतो व तो तेवढ्याच जागेत अधिक उष्णता बाहेर टाकतो. जुना संघनक तसाच ठेवल्यास वेगाने जाणाऱ्या गाडीत तो पुरा पडतो. परंतु गर्दीत थांबत थांबत चालणाऱ्या गाडीत हवेचा प्रवाह मंदावून दाब बेसुमार वाढतो. यावर मोठा किंवा समांतर नळ्यांचा संघनक, अधिक शक्तीचा पंखा, तसेच संघनक व रेडिएटर यांच्यामधील फटी बुजविणे हे उपाय आहेत. शेवटचा उपाय जवळजवळ बिनखर्ची असूनही पुष्कळ गुणकारी आहे.

(५) नियंत्रणे : थंड बाजूचा दाब ठराविक मर्यादेत ठेवून बाष्पकावर बर्फ धरू न देणारी झडप किंवा स्विच आर-१२च्या दाबानुसार जुळविलेली असते. कमी तापमानास आर-१३४एचा दाब किंचित कमी असल्याने त्यांची मर्यादा थोडी खाली आणावी लागते. काही जुन्या यंत्रणांत दाब फार वाढला, तर प्रशीतक बाहेर सोडून देणारी झडप असते. अशा यंत्रणेत, दाब त्या मर्यादेस पोहोचण्यापूर्वीच संपीडक थांबविणारा स्विच बसवितात.

परिवर्तनाची कृती : प्रथम यंत्रणा आर-१२वर चालवून तिचे दाब व बाहेर येणाऱ्या हवेचे तापमान नोंदतात व गळती शोधतात. गळकी यंत्रणा परिवर्तनानंतरही गळकीच राहते. त्यानंतर उरलेले आर-१२ खास यंत्राच्या साहाय्याने टाकीत ओढून घेतात. हा टप्पा वगळून नळी सैल करून गॅस हवेत सोडून दिला, तर ज्या कारणासाठी परिवर्तन करावयाचे ते कारणच विफल होते. अमेरिकेत असे करण्यास १९९२पासून कायद्याने मनाई आहे. काढून घेतलेले प्रशीतक शुद्ध करून पुन्हा वापरता येते.

नंतर संपीडक उतरवून त्यातील जुने तेल काढतात व शक्यतो सर्व मंडल धुऊन घेतात. शुष्कक पात्र व उघडलेल्या जोडांच्या कड्या बदलतात आणि ठराविक मापाचे नवे तेल घालतात. प्रशीतक भरण्याच्या दोन्ही तोंडांवर आर-१३४एसाठी असलेली, निराळ्या आकाराची जोडतोंडे पक्की बसवितात. त्यामुळे पुढे कोणी चुकून आर-१२ची नळी जोडू शकत नाही. मंडलाचा दाब तपासण्यासाठी कोरडा नायट्रोजन वापरतात. दाबाखाली हवा व आर-१३४ए यांचे मिश्रण पेट घेऊ शकत असल्याने हवा वापरणे धोक्याचे असते.

यानंतर निर्वात पंपाने मंडलातील हवा किमान अर्धा ते पाऊण तास काढून घेतात. दाब अत्यंत कमी झाल्यावर पाणी सामान्य तापमानासही उकळते आणि ओलावा बाष्परूपाने निघून जातो. पंप बंद केल्यावर निर्वात टिकून राहिल्यास गळती नाही असे समजतात. शेवटी आर-१३४ए वजन करून भरतात. त्याचे प्रमाण मूळ आर-१२च्या सु. ८० ते ९० टक्के असते; म्हणजे ज्या गाडीत एक किग्रॅ. आर-१२ मावे, तिला ८०० ते ९०० ग्रॅ. पुरते. मूळ मापाएवढे भरल्यास दाब वाढून थंडावा उलट कमी होतो. जुन्या गाड्यांतील काचेच्या झरोक्यातून बुडबुडे पाहून गॅसचा अंदाज घेण्याची पद्धत येथे विश्वसनीय नाही, कारण आर-१३४ए व त्याचे तेल यांचा प्रवाह झरोक्यात गढूळ दिसू शकतो. काम संपल्यावर प्रशीतक व तेल यांचे प्रकार व मापे आणि परिवर्तनाची तारीख लिहिलेली चिठ्ठी एंजिनाच्या कप्प्यात चिकटवितात. पुढील दुरुस्ती करणाऱ्यास गाडीत काय भरले आहे हे कळण्याचे तेच एक साधन असते.

गळती शोधण्याची जुनी हॅलाइड बत्तीही येथे उपयोगी पडत नाही. तापलेल्या तांब्यावर क्लोरीनयुक्त बाष्प आले की तिची ज्योत हिरवी होते. आर-१३४एमध्ये क्लोरीन नसल्याने ज्योतीचा रंग बदलत नाही. त्याऐवजी इलेक्ट्रॉनीय शोधक किंवा जंबुपार प्रकाशात चमकणारा रंग वापरतात.

फलित : नीट केलेल्या परिवर्तनानंतर रस्त्यावर वेगाने जाणाऱ्या गाडीतील थंडाव्यात फारसा फरक जाणवत नाही. गाडी उभी असताना मात्र बाहेर येणारी हवा पूर्वीपेक्षा काही अंशांनी अधिक उष्ण असते. आर-१२वर मुळातच जेमतेम पुरणाऱ्या यंत्रणेत हा फरक खटकतो; भरपूर क्षमतेच्या यंत्रणेत तो लक्षातही येत नाही. नागपूर, चंद्रपूर यांसारख्या, उन्हाळ्यात पारा ४५° से.च्याही वर जाणाऱ्या ठिकाणी संघनकाच्या क्षमतेकडे विशेष लक्ष द्यावे लागते.

अयोग्य पर्याय : आर-१२ महाग व दुर्मिळ होताच त्याची चोरटी आयात सुरू झाली, १९९०नंतरच्या दशकाच्या मध्यास अमेरिकेतील मायामी बंदर त्यासाठी कुप्रसिद्ध होते. त्याचबरोबर ‘काहीही न बदलता भरता येईल’ अशी जाहिरात केलेली अनेक मिश्रणे बाजारात आली. त्यांपैकी काहींत आर-२२ हे प्रशीतक असे. ते जुन्या नळ्यांतून अधिक झिरपते व त्यात क्लोरीनही असते. मिश्रणातील घटक निरनिराळ्या वेगाने गळत असल्याने उरलेल्या मिश्रणाचे प्रमाण बदलत जाते, ही आणखी एक अडचण होय. आर-१२मध्येच आर-१३४एची भर घालणे तर सर्वस्वी वर्ज्य आहे. दोहोंच्या मिश्रणाचा दाब त्या प्रत्येकाच्या दाबापेक्षा अधिक होतो, जुन्या तेलाचे अभिसरण बिघडते आणि असे मिश्रण शुद्ध करून पुन्हा वापरणे अत्यंत कठीण असते. एका गाडीतील मिश्रण यंत्रात ओढून घेतल्याने कार्यशाळेची संपूर्ण टाकी दूषित होऊ शकते.

प्रोपेन व आयसोब्यूटेन यांची मिश्रणे प्रशीतक म्हणून उत्तम असून खनिज तेलातही मिसळतात. परंतु ती अत्यंत ज्वालाग्राही आहेत. बाष्पकास गळती लागल्यास ती बैठकीच्या बंद जागेत साचून ठिणगीने स्फोट होऊ शकतो. याच कारणाने अमेरिकेत आर-१२च्या गाड्यांत ज्वालाग्राही पर्याय भरण्यास बंदी आहे. घरगुती प्रशीतकपेटीत आयसोब्यूटेन चालते, कारण तेथे त्याची राशी थोडी असते, मंडल पूर्णपणे बंद असते व यंत्रणा मुळातच त्यासाठी अभिकल्पित केलेली असते.

बनावट प्रशीतके हा सर्वांत गंभीर धोका होय. आर-१३४एच्या नावाने विकलेल्या काही टाक्यांत मिथिल क्लोराइड आढळले आहे. ते ॲल्युमिनियमाशी विक्रिया करून हवेत आपोआप पेटणारे संयुग तयार करते. २०११मध्ये व्हिएटनाममध्ये दुरुस्त केलेल्या प्रशीतित जहाजी पेट्यांच्या संपीडकांचे यामुळे स्फोट झाले व त्यांत तीन जण मृत्युमुखी पडले. मोटारगाडीचे संघनक व बाष्पकही बहुधा ॲल्युमिनियमाचेच असतात; म्हणून प्रशीतक खात्रीच्या ठिकाणाहूनच घ्यावे.

परिवर्तन केव्हा करावे : ज्या जुन्या गाडीची यंत्रणा गळत नाही व आर-१२वर व्यवस्थित चालते, तिचे परिवर्तन करण्याची निकड नसते. बंद मंडलात राहिलेले आर-१२ ओझोनास अपाय करीत नाही. ते बाहेर पडले तरच करते. संपीडक किंवा बाष्पक बदलण्यासाठी मंडल उघडावेच लागले, म्हणजे परिवर्तनाची योग्य वेळ येते. त्या वेळी तेल, कड्या व शुष्कक पात्र बदलण्याचा जादा खर्च थोडा असतो. याउलट गळक्या यंत्रणेत पुनःपुन्हा कोणतेही प्रशीतक भरत राहणे खर्चाच्या व पर्यावरणाच्या अशा दोन्ही दृष्टींनी वाईट होय.

भारतातील स्थिती : भारतात क्लोरोफ्ल्युओरोकार्बनांचे उत्पादन सुरत, मेत्तूर, भिवाडी व रणजितनगर येथील कारखान्यांत होत असे. प्रीमियर पद्मिनी, अँबॅसॅडर यांसारख्या गाड्यांत अनेकदा डॅशबोर्डखाली नंतर बसविलेली वातानुकूलन यंत्रणा असे व ती आर-१२वर चाले. भारत १९९२मध्ये माँट्रिऑल करारात सामील झाला. २०००मध्ये केंद्र शासनाने ओझोन ऱ्हासकारी पदार्थांविषयीचे नियम केले आणि त्यांनुसार २००३पासून नव्या वातानुकूलन यंत्रणांत क्लोरोफ्ल्युओरोकार्बने वापरण्यास बंदी आली. १ ऑगस्ट २००८ रोजी, म्हणजे ठरलेल्या मुदतीच्या सतरा महिने आधी, त्यांचे उत्पादन थांबले. दम्याच्या फवाऱ्यांसाठी लागणारा अल्पसा साठा तेवढा अपवाद होता. दुरुस्तीचे काम बव्हंशी लहान कार्यशाळांत होत असल्याने तेथील कारागिरांना प्रशीतक ओढून घेण्याचे व परिवर्तनाचे शिक्षण देणे हा राष्ट्रीय योजनेचा महत्त्वाचा भाग होता.

पुढील प्रशीतके : आर-१३४एने ओझोनाचा प्रश्न सोडविला, परंतु ते स्वतः प्रभावी हरितगृह वायू आहे. शंभर वर्षांच्या कालावधीत त्याचा एक किग्रॅ. हा कार्बन डाय-ऑक्साइडाच्या १,३०० किग्रॅ.हून अधिक वजनाइतकी तापनवृद्धी घडवितो. आर-१२च्या बाबतीत हा आकडा १०,०००च्या आसपास असल्याने बदल लाभदायकच ठरला, तरी तो पुरेसा नव्हता. यूरोपीय संघाने २००६च्या आदेशान्वये अशा प्रशीतकांवर निर्बंध घातले आणि २०१७पासून तेथील सर्व नव्या मोटारगाड्यांत आर-१३४एला बंदी आली. त्याच्या जागी मुख्यतः आर-१२३४वायएफ हे प्रशीतक आले. त्याचा हरितगृह परिणाम अत्यल्प आहे. मात्र ते सौम्य ज्वालाग्राही आहे. काही गाड्यांत कार्बन डाय-ऑक्साइडही वापरतात, पण त्यासाठी १०० किग्रॅ./सेंमी.²हून अधिक दाब सोसणारी यंत्रणा लागते.

२०१६मध्ये किगाली येथे माँट्रिऑल करारात झालेल्या दुरुस्तीने आर-१३४एच्या गटातील प्रशीतकांची टप्प्याटप्प्याने कपात ठरविली. भारताने ती २०२१मध्ये मान्य केली. त्यानुसार या पदार्थांचा भारतातील वापर २०२८मध्ये गोठवावयाचा असून २०३२पासून तो उतरवीत २०४७पर्यंत ८५ टक्क्यांनी घटवावयाचा आहे. आर-१३४एच्या गाड्या आर-१२३४वायएफवर आणण्याचा प्रश्न यातून पुढे येत असला, तरी जुन्या यंत्रणेत सौम्य ज्वालाग्राही प्रशीतकासाठी आवश्यक असलेली सुरक्षाव्यवस्था नसते. अमेरिकेतही त्यास दिलेली मान्यता नव्या गाड्यांपुरतीच आहे. त्यामुळे रस्त्यावरील आर-१३४एच्या गाड्यांच्या बाबतीत गळती रोखणे आणि दुरुस्तीच्या वेळी प्रशीतक ओढून घेऊन पुन्हा वापरणे हाच प्रचलित व खात्रीचा मार्ग होय.